दुसऱ्याचं गाऱ्हाणं : ख्रिस्ती श्रद्धा, सामाजिक न्याय आणि सार्वजनिक जीवन

(धामणकर नाका, भिवंडी येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाची संहिता)



कामगारांसाठी आयुष्य वेचलेल्या एका कार्यकर्त्याच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. त्यांच्या नावानं जमलेल्या सभेत धर्मावर बोलायचं म्हणजे जबाबदारी वाढते. कामगारांच्या सभेत धर्माबद्दल दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, धर्म ज्याचा त्याच्या घरात, रस्त्यावर नको. दुसरं म्हणजे, धर्माचा अपमान झाला तर आम्ही रस्त्यावर उतरू. मला या दोन्ही मतांच्या पुढं जाऊन काही मांडायचं आहे. मी वसईचा, ख्रिस्ती. माझ्या श्रद्धेची उदाहरणं मला जवळून माहीत आहेत म्हणून ती घेऊन बोलतो. पण जी कसोटी मी लावणार आहे ती कुठल्याही धर्माला लावता येईल.

माझं म्हणणं थोडक्यात असं. धर्म चावडीवर येणारच. माणूस घराबाहेर पडताना श्रद्धा खुंटीला अडकवून येत नाही. म्हणून खरा प्रश्न हा, की धर्म चावडीवर येताना गाऱ्हाणं कोणाचं घेऊन येतो? आपलंच घेऊन आला, तर इतर दहा गटांसारखा तो अकरावा गट. जो आपल्या जातीचा नाही, आपल्या देवळात, मशिदीत, चर्चमध्ये येत नाही, आपल्याला मतही देणार नाही, अशा माणसाचं गाऱ्हाणं घेऊन आला, तर समाजाला त्याची गरज आहे.

येशूनं सांगितलेली एक गोष्ट या शहरात लगेच कळावी. एक मळेवाला द्राक्षमळ्यासाठी मजूर शोधायला पहाटे बाजारात जातो. दिवसाला एक दिनार मजुरी ठरवून काही जणांना घेऊन येतो. नऊ वाजता पुन्हा जातो, बारा वाजता, तीन वाजता जातो. संध्याकाळी पाचला गेला तेव्हाही काही माणसं तिथं उभीच. दिवसभर रिकामे का उभे राहिलात असं विचारल्यावर ती सांगतात, आम्हाला कोणी कामावर घेतलंच नाही. तो त्यांनाही मळ्यात धाडतो, आणि मजुरी वाटताना त्यांच्यापासून सुरुवात करून सगळ्यांना पूर्ण दिवसाचा दिनार देतो. पहाटे आलेले कुरकुरतात.

आपल्याकडं याच माणसांना नाका कामगार म्हणतात. हातात थापी, घमेलं, रंगाचा ब्रश घेऊन ते सकाळी सातला नाक्यावर येतात. एखादा मुकादम स्कूटर थांबवतो आणि दहा जण धावतात. तो दंड चाचपून दोघांना उचलतो, बाकीचे पुन्हा कट्ट्यावर. अकरा वाजले की त्या दिवसाची आशा संपते. त्या गोष्टीतली पाच वाजेपर्यंत उभी असलेली माणसं आळशी नव्हती. ती म्हातारी असतील, कोणाचा हात मोडलेला असेल, परगावचं म्हणून कोणाला कोणी विचारलं नसेल. घरी चूल मात्र त्यांचीही तेवढीच. मळेवाल्यानं मजुरी चुलीकडं बघून दिली. ही गोष्ट चर्चमध्ये देवाच्या कृपेचं रूपक म्हणून सांगतात आणि ते योग्यच आहे. पण सांगणाऱ्यानं कृपा समजवायला मजुरीचा हिशेब निवडला, तेव्हा मजुरीचा हिशेब हा देवाच्या कामाचा भाग आहे हे आम्हाला टाळता येत नाही.

येशूच्या आधी सुमारे साडेसातशे वर्षं आमोस नावाचा एक मेंढपाळ होऊन गेला. तकोवा गावचा, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा. तो बेथेल या तीर्थक्षेत्री गेला आणि भर गर्दीत म्हणाला, की तुमचे सण, तुमची भजनं देवाला नकोशी झाली आहेत. कारण तुमचे तराजू खोटे आहेत आणि जोडाभर वहाणांच्या किमतीत तुम्ही गरिबाला विकता. तिथल्या पुरोहितानं त्याला हाकलून दिलं. कारण काय दिलं? हे राजाचं देऊळ आहे, इथं असलं बोलायचं नाही. राजाच्या देवळातला पुरोहित आणि बाहेरून आलेला मेंढपाळ हे दोघेही धार्मिकच होते. धर्म आणि राजकारण यांचं भांडण म्हणून आपण जे पाहतो ते पुष्कळदा या दोघांचं भांडण असतं.

आता मी तुमच्या ओळखीच्या गोष्टीकडं येतो. सुट्टीकडं.

मोशेच्या दहा आज्ञांमध्ये एक आज्ञा विश्रांतीची आहे. सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी थांब. आज्ञा तिथं संपली असती तर ती एका जमातीची धार्मिक रीत ठरली असती. पण पुढं यादी येते : तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा गडी, तुझी मोलकरीण, तुझा बैल, तुझं गाढव, आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका माणूस, या सगळ्यांना विसावा मिळाला पाहिजे. कारणही दिलं आहे. तूही एकदा मिसर देशात गुलाम होतास, ते विसरू नकोस. म्हणजे मालकाला सुट्टी आणि गड्याला काम असं चालणार नाही. गावच्याला सुट्टी आणि परप्रांतीयाला काम हेही चालणार नाही.

या आज्ञेला मानणाऱ्यांचं राज्य मुंबईत होतं तेव्हा काय घडत होतं? सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, साहेब चर्चला जायला मोकळा असे. गिरणी कामगाराला मात्र आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. ती कोणी मिळवली? आपल्या ठाण्यात १८४८ साली जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या आज वाचल्या तर इतक्या साध्या वाटतात की अंगावर काटा येतो. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. कामावर जखमी झालेल्याला भरपाई. रविवारच का, याचं उत्तर लोखंड्यांनी कामगारांच्या श्रद्धेतून दिलं : रविवार हा खंडोबाचा वार. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

या घटनेतून मी एक धडा घेतो. ज्यांच्या ग्रंथात विश्रांतीची आज्ञा होती त्यांनी ती आपल्यापुरती पाळली. ज्यांच्या दैवताचा तो वार होता त्यांनी तिचा सगळ्यांसाठी हक्क केला. त्या सुट्टीचा लाभ खंडोबाच्या भक्ताला झाला, तसाच मुसलमान विणकराला आणि ख्रिस्ती जॉबरलाही. श्रद्धेनं कायद्याच्या दारापर्यंत न्यावं आणि कायद्याचं फळ सगळ्यांना मिळावं, ही धर्माच्या सार्वजनिक कामाची उत्तम रीत आहे. लोखंड्यांचं पुढचं आयुष्यही याला धरून आहे. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल झाली तेव्हा ते सलोख्यासाठी धडपडले, आणि १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना प्लेगनंच गेले.

रविवारच्या सुट्टीनंतर वर्षभरातच, १५ मे १८९१ रोजी, रोममध्ये पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढलं. कारखान्यातल्या मजुरीबद्दल पोपनं काढलेलं ते पहिलं मोठं पत्रक. मालक आणि कामगारानं राजीखुशीनं मजुरी ठरवली म्हणजे ती न्याय्य झाली असं नाही, कामगाराच्या पोटाला पुरेल एवढी ती असलीच पाहिजे, आणि कामगारांना संघटना बांधायचा हक्क आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आज इथल्या यंत्रमागाच्या कारखान्यात जाऊन उभं राहा. धोट्याच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, भुवयांवर सुताचा भुसा साचतो. एकेक कामगार सहा-आठ माग सांभाळत बारा तासांच्या पाळीत फिरत असतो. मजुरी मीटरवर, म्हणजे वीज गेली की मजुरीही गेली. जेवण भिशीत, म्हणजे खानावळीत, आणि झोपायला पाळीपाळीनं वापरायची खोली. गाव गोरखपूर, आझमगढ, दरभंगा, नाहीतर तेलंगणातलं. वेशीच्या आत राहणारा परका माणूस म्हणून त्या आज्ञेत ज्याचा उल्लेख आहे, तो हाच.

आता दुसऱ्यांचं गाऱ्हाणं सत्तेपुढं मांडणाऱ्या एका ख्रिस्ती बाईंकडं येतो : पंडिता रमाबाई. १८५८ साली जन्मलेल्या, संस्कृत पंडित म्हणून कलकत्त्यात गौरवलेल्या या बाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढचं सगळं आयुष्य त्यांना दोन बाजूंनी झोडपलं गेलं. इथले लोक म्हणत, बाटली. वाँटेजच्या मठातल्या ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला त्या म्हणत, आज्ञाधारक नाही. रमाबाईंनी त्यांना पत्रांतून कळवलं, की मी ख्रिस्त स्वीकारला आहे, तुमच्या धर्मपीठाची प्रत्येक गोष्ट डोळे मिटून स्वीकारलेली नाही.

१८९३ साली पुण्यात त्यांच्या शारदा सदनावर वादळ उठलं. विधवा मुलींना ख्रिस्ती करतात असा आरोप झाला आणि न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडलं. हा आक्षेप मला टाळायचा नाही, कारण तो आजही प्रत्येक ख्रिस्ती शाळेबद्दल आणि दवाखान्याबद्दल घेतला जातो. माझं उत्तर असं. भुकेल्याला भाकरी देताना त्याचा धर्म मागितला, तर तो सौदा झाला. ज्या येशूनं बरं केलेल्या माणसांना आपापल्या घरी पाठवलं, त्याचं नाव त्या सौद्याला लावता येणार नाही. असा सौदा कोणी करत असेल तर त्याच्याविरुद्ध आधी आम्ही बोललं पाहिजे. पण हेही तितकंच खरं, की ज्या विधवेला कोणी उंबऱ्यात उभं करत नव्हतं, तिला जिथं माणूस म्हणून वागवलं गेलं तिथलं काही तिला आपलंसं वाटलं, तर त्याचा जाब आसरा देणाऱ्याइतकाच दार लावून घेणाऱ्यालाही द्यावा लागेल. संविधानाच्या २५ व्या कलमानं विवेकाचं स्वातंत्र्य व्यक्तीला दिलं आहे. ते त्या विधवेचं आहे. मिशनचंही नाही आणि तिच्या जातीचंही नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्याच्या कडेला मरणाच्या दारात बसलेल्या सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला त्यांनी मुक्ती सदन उभं केलं. तिथं मुली विणकाम शिकल्या, तेलघाणी चालवू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. अंध मुलींना ब्रेल शिकवलं गेलं. हे सेवेचं काम सगळ्यांना माहीत आहे. मला त्याच वर्षीची दुसरी गोष्ट सांगायची आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. घराघरात शिरून झडती घ्यायला गोरे सोजीर, आणि रुग्णांसाठी सरकारी इस्पितळ. तिथं स्त्रियांची होणारी परवड रमाबाईंना कळली. त्यांनी मुंबईच्या 'बाँबे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात उघड पत्र लिहून सरकारला जाब विचारला. राज्य ख्रिस्ती लोकांचं, पत्र ख्रिस्ती, लिहिणारी ख्रिस्ती, मदतीचा पैसा परदेशी ख्रिस्ती माणसांकडून येणारा. गप्प राहण्यात सगळा फायदा होता. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी कायदेमंडळात ते आरोप फेटाळून लावले. बाईंनी शब्द मागे घेतला नाही. केडगावच्या मुली जगवणं ही दया होती, आणि सरकारला विचारलेला जाब हा न्याय होता. ख्रिस्ती माणसाला पहिल्याबद्दल शाबासकी मिळते आणि दुसऱ्याबद्दल शिव्या, म्हणून बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात.

हे थांबणं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नजरेतून सुटलं नाही. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढं त्यांनी भाषण केलं. १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली होती, सगळे धर्म त्यांची वाट बघत होते. जगातल्या धर्मपुरुषांमध्ये बुद्ध आणि ख्रिस्त यांचा आपल्यावर प्रभाव असल्याचं त्यांनी त्या सभेत सांगितलं. आणि मग श्रोत्यांना खडे बोल सुनावले. तुमच्यात शिकलेली माणसं पुष्कळ आहेत, पण सामाजिक अन्यायाविरुद्ध तुम्ही कधी चळवळ उभारली नाही. शाळा आहेत, नोकऱ्या आहेत, मिशनचा आधार आहे, मग झगडायचं कशाला, अशी तुमची वृत्ती झाली. त्यांच्या लेखनातही हा आक्षेप आहे, आणि त्यासोबत आणखी एक : धर्म बदलला तरी जात गेली नाही.

या दोन्ही आक्षेपांपुढं मी मान खाली घालतो, कारण ते खरे आहेत. आमच्या वसईत बाप्तिस्म्याला चारशेहून अधिक वर्षं झाली, तरी लग्न जमवताना सामवेदी, वाडवळ, कोळी या ओळखी जाग्या होतात. दक्षिणेत काही ठिकाणी दलित ख्रिस्त्यांसाठी वेगळं कब्रस्तान होतं. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशप परिषदेनं दलितांविषयीचं धोरण प्रसिद्ध केलं आणि चर्चच्या आत अस्पृश्यता पाळली जाते हे लेखी कबूल केलं. कबुली उशिरा आली, पण आली. कबुलीनंतर काय करायचं, हा आमच्या प्रत्येक धर्मग्रामापुढचा प्रश्न आहे.

इथं राज्याचाही अन्याय आहे. अनुसूचित जातींबाबतचा राष्ट्रपतींचा १९५० सालचा आदेश मुळात सांगत होता, की हिंदू नसलेल्या माणसाला अनुसूचित जातीचा मानलं जाणार नाही. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. नगर किंवा सोलापूर जिल्ह्यातला एखादा मातंग वा महार ख्रिस्ती गावकुसाबाहेर त्याच वस्तीत राहतो, तोच अपमान सोसतो, पण दाखला मागायला गेला की त्याची जात नाहीशी झालेली असते. २००७ मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगानं ही धर्माची अट काढून टाकावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. ही मागणी ख्रिस्ती समाजानं आपली म्हणून लावून धरली आहे. माझं म्हणणं, ती लावून धरताना मुसलमानांतल्या हलालखोर, मेहतर अशा जातींचं नाव आधी घ्यावं. त्यांचं गाऱ्हाणं आमच्या तोंडून आलं, तर ही मागणी एका धर्माची राहणार नाही, न्यायाची होईल.

बाबासाहेबांच्या आक्षेपाला काहींनी कृतीनं उत्तर दिलं. त्यातले दोघे आपल्या परिसराशी जोडलेले आहेत.

चिंचोटी-अंजूरफाटा रस्त्यानं वसई इथून जवळ. १९९० च्या सुमारास वसईच्या केळीच्या बागा, पानमळे आणि गोड्या पाण्याच्या विहिरी यांच्यावर बिल्डरांची नजर गेली. टँकरनं पाणी उपसलं जाऊ लागलं, विहिरी खारट होऊ लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नंदाखालचे, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक. हरित वसई संरक्षण समितीतून त्यांनी आंदोलन उभं केलं. झगा घातलेला पाद्री मोर्च्याच्या पुढं चालतोय हे दृश्य वसईला नवीन होतं. चर्चमध्ये कुजबुज झाली, की फादरनं मिस्सा सांगावी, विहिरीचं काय घेऊन बसलेत. पण विहीर ख्रिस्त्याची, वाडवळाची, आगऱ्याची, मुसलमानाची सारखीच आटत होती, म्हणून मोर्चाही सगळ्यांचा झाला. याच माणसानं 'सुबोध बायबल' मराठीत आणलं, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एक पाद्री अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला. दुखणं अंगावर काढून ते गेले आणि अध्यक्ष म्हणून बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते वारले, तेव्हा रडणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं होती.

दुसरे फादर स्टॅन स्वामी. मूळचे तमिळनाडूचे येशूसंघीय, आयुष्य झारखंडच्या आदिवासींमध्ये गेलेलं. नक्षलवादी म्हणून धरलेले तरुण आदिवासी खटला न चालता वर्षानुवर्षं तुरुंगात पडून आहेत, याचा त्यांनी अभ्यास केला आणि त्यांच्यासाठी न्यायालयात गेले. ८ ऑक्टोबर २०२० रोजी एल्गार परिषद-भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना रांचीहून अटक करून तळोजा तुरुंगात आणलं. वय ८३. कंपवातामुळं पेला हातात धरता येत नव्हता, म्हणून पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा अशी त्यांना न्यायालयात मागणी करावी लागली. आरोप त्यांनी नाकारले होते. ते सिद्ध झाले नाहीत, कारण खटला चाललाच नाही. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात असतानाच, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते वारले. कच्च्या कैद्यांसाठी झगडलेला माणूस कच्चा कैदी म्हणून गेला. ज्या आदिवासींसाठी ते उभे राहिले त्यांतले सगळे ख्रिस्ती नव्हते. सरना धर्म पाळणारे होते, हिंदू होते. स्वामींनी भेद केला नाही.

जगाच्या इतिहासातही आमोसच्या गोष्टीतले तेच दोघे, पुरोहित आणि मेंढपाळ, भेटतात. दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चनं बायबल हातात घेऊनच वर्णभेदाचं समर्थन केलं, आणि तेच बायबल घेऊन आर्चबिशप डेस्मंड टूटू त्याविरुद्ध उभे राहिले. हिटलरच्या जर्मनीत चर्चचा मोठा भाग सत्तेपुढं झुकला, आणि पास्टर डीट्रिच बोनहॉफर यांना ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी दिलं गेलं. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना २४ मार्च १९८० रोजी मिस्सा सांगतानाच गोळी घातली, कारण आदल्या दिवशीच त्यांनी सैनिकांना उपदेशातून सांगितलं होतं, की आपल्याच गरीब भावांना मारू नका. एकच ग्रंथ, एकच क्रूस. फरक पडला तो कोण कोणाच्या बाजूनं उभा राहिला यानं.

भिवंडीला हे वेगळं सांगायची गरज नाही. ७ मे १९७० रोजी मिरवणुकीच्या दिवशी या शहरात दंगलीची आग लागली. न्यायमूर्ती मादन आयोगानं ती कशी लावली गेली याची खोलवर चौकशी केली. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच. धर्म रस्त्यावर नको असं म्हणणाऱ्या माणसानं ते दिवस पाहिले असतील, आणि मी त्याच्याशी वाद घालणार नाही. पण याच शहरानं पुढं काय केलं तेही सांगितलं पाहिजे. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. मौलवी, गणेश मंडळाचे कार्यकर्ते, मागवाले, दुकानदार, बायका अशी शेजारची माणसं एकत्र बसू लागली. भांडण नळाचं असो, लाउडस्पीकरचं असो, मिटवायची जागा तीच. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, आणि ज्या भिवंडीचं नाव सगळ्यांच्या ओठावर होतं ती शांत राहिली. धर्म घरात कोंडल्यामुळं ही शांतता आली नाही. श्रद्धावान माणसं एकमेकांसाठी बाहेर पडली, दुसऱ्याच्या गल्लीची राखण करायला उभी राहिली, त्यामुळं ती आली.

फुल्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एक कुटुंब कल्पिलं आहे. एकाच घरात एक बौद्ध, एक ख्रिस्ती, एक मुसलमान, एक सत्यधर्मी, आणि सगळे एकमेकांचा द्वेष न करता, एका कुटुंबाचे म्हणून राहतात. ते पुस्तक १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालं. पद्मानगरचा तेलुगू विणकर, निजामपुऱ्यातला मोमिन, कामतघरचा आगरी आणि कुठल्यातरी चाळीत प्रार्थनेला जमणारं ख्रिस्ती कुटुंब, असं शहर भिवंडी आहेच. जागा एक आहे, द्वेष न करण्याचं काम तेवढं रोज करावं लागतं.

शेवटी मी इथल्याच एका जखमेबद्दल बोलणार आहे. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे साडेतीन-पावणेचारच्या सुमारास, याच धामणकर नाक्याजवळ पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. माणसं झोपेत होती. चाळीसच्या आसपास जीव गेले, त्यात लहान मुलं पुष्कळ. आपत्ती दलाचे जवान पोचण्याआधी शेजाऱ्यांनी हातांनी विटा उपसून माणसं बाहेर काढली. ढिगाऱ्याखालून आवाज आला तेव्हा कोणी आवाजाचा धर्म विचारला नाही. पण ती माणुसकी पहाटेची होती, इमारत पडल्यावरची. पडण्याआधीची वर्षं कोणाची होती? दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघते. घर रिकामं करायची नोटीस येते. भाडेकरू म्हणतो, जाऊ कुठं? पर्यायी घर नाही, भाडं परवडत नाही, नाव लागलेलं नाही. यादी फाइलमध्ये जाते आणि तो पुन्हा त्याच छताखाली झोपतो.

म्हणून मला या शहरातल्या प्रत्येक धर्माच्या विश्वस्तांना, आणि सर्वांत आधी माझ्या ख्रिस्ती बांधवांना, हात जोडून सांगायचं आहे. आपल्या प्रार्थनास्थळाची परवानगी, भोंगा, मिरवणुकीचा मार्ग, स्मशानाची जागा यांसाठी आपण महापालिकेत जातो. जावं, तो हक्क आहे. पण त्याच महापालिकेत धोकादायक इमारतीतल्या भाडेकरूंच्या पर्यायी घरासाठी चर्च, मशीद, देऊळ, विहार आणि गुरुद्वारा यांचं एक शिष्टमंडळ एकत्र का जाऊ नये? त्यात पाद्र्यानं मुसलमान भाडेकरूंची यादी घेऊन बोलावं, मौलानांनी तेलुगू विणकरांची, पुजाऱ्यानं बिहारी मागकामगारांची. शुक्रवारच्या खुत्ब्यात, रविवारच्या उपदेशात, सप्ताहाच्या कीर्तनात किमान वेतनाचा आणि आठवड्याच्या सुट्टीचा विषय का येऊ नये? मालक समोर बसलेला असतो, वर्गणी त्याच्याकडून येते, म्हणून जीभ अडखळते, हे मला माहीत आहे. आमच्याकडंही तसंच आहे. आमोसला हाकलणारा पुरोहितही याच अडचणीत होता.

संविधानानं आपल्या धर्मांना मोठं स्वातंत्र्य दिलं, आणि त्याच २५ व्या कलमात समाजसुधारणेचे कायदे करायचा अधिकार राज्याला दिला. संविधानकारांचा धर्मावर विश्वास होता, पण त्यावर लक्ष ठेवायचंही भान होतं. त्या विश्वासाला पात्र व्हायचं असेल तर आपण आपल्या गाऱ्हाण्यांची यादी थोडी मागं ठेवून शेजाऱ्याची पुढं केली पाहिजे. सत्तेनं उद्या कोणाच्या धर्मावर हात टाकला, तर त्या धर्माच्या बाजूनं इतर उभे राहतील की नाही, हे आज तो धर्म कोणासाठी उभा राहतो यावर ठरेल. मी ख्रिस्ती म्हणून मागतो ते एवढंच, की पुढच्या वेळी या शहरात कोणावर अन्याय होईल, तेव्हा तिथं पोचणाऱ्या पहिल्या माणसांत आम्ही असावं, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो बहुधा ख्रिस्ती नसेल, हे आम्हाला आधीच ठाऊक असावं.